कामाच्या चॅटमध्ये 'आधी शोधा, मग विचारा' हा नियम हवा की नको?

निशिगंध (धागाकर्ती)

माझं मत सुरुवातीलाच सांगते: हवा, आणि सक्तीचा हवा.

आमच्या टीमच्या मुख्य चॅनलवर तेच सात-आठ प्रश्न आलटून पालटून येतात. टेस्ट सर्व्हरचा अ‍ॅक्सेस कोणाकडे मागायचा, रिलीजची शेवटची तारीख कोणती, रिपोर्टचा नवा फॉरमॅट कुठे ठेवलाय. उत्तरं त्याच चॅनलमध्ये, कधीकधी आदल्या आठवड्यातच दिलेली असतात. तरी अख्ख्या चॅनलला टॅग करून विचारलं जातं आणि चाळीस जणांचं हातातलं काम थांबतं. विचारणाऱ्याची दोन मिनिटं वाचतात, पण ती इतरांच्या खिशातून जातात.

स्लॅक या ऑफिस-चॅट अ‍ॅपच्या नावाचा विस्तारच 'सर्चेबल लॉग ऑफ ऑल कॉन्व्हर्सेशन अँड नॉलेज' असा सांगितला जातो. म्हणजे सगळ्या बोलण्याची आणि माहितीची, शोधता येईल अशी नोंदवही. आपण त्यातलं 'सर्चेबल' सोडून बाकी सगळं वापरतो.

'सर्चमध्ये काही सापडत नाही' ही तक्रार मला पटत नाही. नुसता 'रिपोर्ट' असा शब्द टाकला तर शेकड्यांनी निकाल येणारच. पण 'फ्रॉम:' पुढे माणसाचं नाव, 'इन:' पुढे चॅनल, 'बिफोर:' किंवा 'आफ्टर:' पुढे तारीख दिली की ढीग एकदम लहान होतो. अवतरणचिन्हांत घातलेले शब्द सलग तसेच शोधले जातात, नको तो शब्द उणे चिन्ह लावून वगळता येतो. मायक्रोसॉफ्टच्या 'टीम्स' या चॅट-अ‍ॅपमध्येही माणूस आणि तारीख लावून निकाल गाळता येतात. हे पहिल्या दिवशी शिकवायला कितीसा वेळ लागतो?

कातळ

पूर्ण असहमत.

शोधायला आधी शब्द माहीत असावा लागतो. नवीन माणसाकडे नेमका तोच नसतो. तो 'लॉगिन होत नाही' असं शोधतो आणि उत्तर 'टोकन एक्स्पायर' या नावाखाली पडलेलं असतं. तुमचे सगळे 'फ्रॉम' आणि 'इन' त्यालाच उपयोगी, ज्याला कोणी, कुठे आणि साधारण केव्हा लिहिलं हे आठवतंय. म्हणजे जुन्या माणसाला.

हा प्रश्न चॅटपेक्षा जुना आहे. संशोधक जॉर्ज फर्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिलं होतं की एकाच गोष्टीसाठी दोन माणसांनी आपापल्या मनाने तोच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. त्याआधी १९८५ मध्ये ब्लेअर आणि मॅरन या संशोधकांनी एका मोठ्या खटल्यातली सुमारे ४०,००० कागदपत्रं घेऊन अभ्यास केला. वकिलांना वाटत होतं की कामाच्या कागदांपैकी ७५ टक्के आपल्याला सापडलेत. प्रत्यक्षात सापडले होते २० टक्क्यांच्या आसपास. कारण साधं होतं: एक बाजू ज्याला 'अपघात' म्हणत होती, त्याला दुसरी बाजू 'ती घटना', 'ती परिस्थिती' असं लिहीत होती.

हे वकील होते, शब्दांवरच ज्यांचं पोट. तिथे पहिल्या आठवड्यातल्या मुलीकडून काय अपेक्षा करायची? शिवाय आपल्या गप्पांत एकच शब्द कुणी देवनागरीत लिहितो, कुणी रोमनमध्ये, आणि रोमनमध्येही तीन जण तीन तऱ्हेने. तिला 'आधी सर्च केलंस का?' असं चारचौघांत विचारलं की ती पुढच्या वेळी विचारतच नाही. गप्प बसून चुकीचं काम करते. ते चाळीस फोन वाजण्यापेक्षा महाग पडतं.

सुतारपक्षी

दोघांच्या मधला रस्ता आम्ही काढलाय. प्रश्नातच लिहायचं: 'मी अमुक आणि तमुक शब्द टाकून पाहिलं, मिळालं नाही.' एवढ्याने दोन गोष्टी होतात. उत्तर देणाऱ्याला राग येत नाही. आणि पुढच्या वेळी कोणी तेच चुकीचे शब्द टाकले तरी त्याला हा प्रश्न आणि त्याखालचं उत्तर सापडतं. कातळ म्हणतात ती शब्दांची दरी अशीच थोडी थोडी बुजते.

अबोली७

मला वेगळीच भीती आहे. न सापडण्यापेक्षा चुकीचं सापडणं वाईट.

मागच्या वर्षी मी नियमाप्रमाणे आधी शोधलं. जुन्या फाइल्स साफ करायची कमांड एका सीनियरने दोन वर्षांपूर्वी टाकलेली होती, खाली लोकांचे अंगठेही होते. मी चालवली. त्याच मेसेजच्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याला जोडलेल्या उत्तरांत, बऱ्याच खाली, त्यांनीच नंतर लिहिलं होतं की फोल्डरची रचना बदललीय, आता ही वापरू नका. निकालांच्या यादीत मला फक्त वरचा मेसेज दिसला होता. चालू कामाच्या फाइल्स उडाल्या, बॅकअपवरून आणेपर्यंत दीड दिवस गेला. कोणी मला बोललं नाही, पण त्या दीड दिवसात माझं काय झालं ते मलाच माहीत.

चॅनलवर विचारलं असतं तर कोणीतरी 'थांब' म्हणालं असतं. शोधपट्टी 'थांब' म्हणत नाही.

निशिगंध

अबोली, वाचून वाईट वाटलं, आणि तुमचं म्हणणं मान्य. सापडलेला मेसेज किती जुना आहे ते पाहणं आणि थ्रेड शेवटपर्यंत उघडणं हे माझ्या नियमात नव्हतं, ते असायला हवं. ज्याने काही पुसलं जाणार आहे ते तर विचारल्याशिवाय करूच नये.

पण कातळ, तुमच्या युक्तिवादातून 'म्हणून शोधूच नका' हे निघत नाही. रिलीजची तारीख विचारणाऱ्याला 'रिलीज' हा शब्द माहीत असतो. मी जे सात-आठ प्रश्न सांगितले ते सगळे याच जातीचे आहेत. आणि 'चारचौघांत विचारलं' हा बोलण्याच्या पद्धतीचा दोष झाला. मी स्वतः उत्तराची लिंक देते आणि सोबत लिहिते, 'हे शब्द टाकले की मिळतं'.

भरदुपार

तुम्ही सगळे शोधणाऱ्याला धारेवर धरताय. लिहिणाऱ्याचं काय?

अर्धी उत्तरं पर्सनलवर दिली जातात. ती ज्या दोघांत झाली त्यांच्यापलीकडे कुणाच्याच सर्चमध्ये येत नाहीत, येऊही नयेत. खासगी चॅनलचं तेच. एररचा स्क्रीनशॉट टाकतात, पण चित्रातला मजकूर सर्चला दिसेलच याचा भरवसा नाही. एररची ओळ कॉपी करून खाली चिकटवायला दहा सेकंद लागतात. आणि उत्तर काय असतं? 'हो, झालं.' 'तेच कर.' 'काल बोललो तसं.' हे कुठल्या शब्दाने शोधायचं?

फुकटच्या प्लॅनवर असणाऱ्यांचा मुद्दा आणखी वेगळा. स्लॅकच्या मोफत प्लॅनमध्ये पूर्वी शेवटचे १०,००० मेसेज दिसायचे. १ सप्टेंबर २०२२ पासून ९० दिवसांचेच दिसतात, आणि २०२४ पासून वर्षापेक्षा जुने कायमचे काढून टाकायला सुरुवात झाली. तिथे 'आधी शोधा' म्हणणं म्हणजे रिकाम्या विहिरीत पोहरा सोडायला सांगणं. निर्णय झाला की तो चॅटमधून उचलून विकीवर (टीमच्या माहितीच्या पानांवर) किंवा सामायिक दस्तऐवजात जायलाच हवा.

कातळ

भरदुपार यांच्याशी सहमत, पण एका मर्यादेपर्यंत. प्रत्येक मेसेज पुढच्या वाचकासाठी लिहायचा म्हटलं तर लोक चॅनलवर लिहिणं सोडतील आणि फोन उचलतील. फोनवरचं तर कधीच सापडत नाही. विकीही कोणी राखली नाही तर वर्षभरात अबोलींच्या त्या कमांडसारखीच होते.

सुतारपक्षी

प्रत्येक मेसेजचं कोण म्हणतंय? शेवटच्या उत्तराचं म्हणतोय. आमच्याकडे थ्रेड संपला की ज्याने प्रश्न विचारला त्यानेच दोन ओळींत उत्तर लिहायचं आणि त्यावर हिरवी बरोबरची खूण लावायची. स्लॅकमध्ये 'हॅज:' पुढे ती खूण दिली की तेवढेच मेसेज येतात. कच्ची चर्चा बाजूला पडते, पक्की उत्तरं हाती राहतात.

नवी_पालवी

आता एआय सर्च आलंय. अर्थावरून शोधतं, नेमका शब्द लागत नाही, वर सारांश देतं. हा वाद वर्षभरात शिल्लक राहील असं मला वाटत नाही.

अबोली७

कातळ यांच्या शब्दांच्या दरीला त्याची मदत होईल, हे खरं. माझ्या भीतीला होत नाही. जुनं आणि नवं मिसळून एकच गुळगुळीत परिच्छेद समोर आला तर तारीख बघायची आठवणही राहणार नाही. मी तरी मूळ मेसेजची लिंक उघडल्याशिवाय काही चालवणार नाही. शिवाय चुकून सगळ्यांना उघड्या राहिलेल्या फाइल्स असतात, आजवर कोणी शोधत नव्हतं म्हणून झाकलेल्या. त्या असं सर्च आपणहून वर आणतं. परवानग्या आधी तपासल्याच पाहिजेत.

निशिगंध

सोमवारी आमच्या टीममध्ये हे मांडणार आहे. सक्ती हा शब्द काढते. तारीख, जागा, लिंक, फॉर्म यांसाठी आधी सर्च. 'कसं करू' किंवा 'का असं आहे' यासाठी खुशाल चॅनलवर विचारा, काय शोधलं ते लिहून. उत्तर पर्सनलवर द्यायचं नाही. हिरवी खूण मात्र उद्यापासूनच. सुतारपक्षी, एक राहिलं: खूण लावलेलं उत्तर नंतर जुनं झालं तर ती कोण काढतं?

सुतारपक्षी

ज्याला ते जुनं झाल्याचं पहिल्यांदा कळतं तो. लिहिणाऱ्याला टॅग करायचं, म्हणजे तो आपली खूण काढतो आणि मेसेज एडिट करून वरतीच नव्या उत्तराची लिंक देतो. थ्रेडमध्ये खाली नाही. अबोलींच्या बाबतीत नेमकं तिथेच चुकलं होतं.