एसी चालत्या गाडीत गार, सिग्नलला थांबलं की कोमट. खरंच कॉम्प्रेसर गेलाय का?

चाकावरचा_संसार
नमस्कार मंडळी, आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे माझी, एसी साधा, गोल बटन फिरवायचा. प्रॉब्लेम असा की मोकळ्या रस्त्यावर सत्तर-ऐंशीच्या स्पीडला गाडी मस्त गार होते पण ट्रॅफिकमधे अडकलो किंवा सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभं राहिलो की झरोक्यातून कोमट हवा यायला लागते, परत गाडी पळवली की परत गार. गेल्या महिन्यात गॅस भरून घेतला तर त्यानं सुधारायचं सोडून उलट जास्तच झालं, आता थांबल्यावर कॉम्प्रेसर टक-टक करत चालू बंद चालू बंद होत राहतो. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर वीक झालाय, आयडलिंगला प्रेशर बनवत नाहीये, अख्खा बदला. खर्च ऐकून घाम फुटला (तसाही फुटतच होता). बदलण्याआधी घरी काही बघता येईल का? इंजिनचं टेंपरेचर एकदम नॉर्मल असतं, काटा मधेच, आणि केबिन फिल्टर नवीन आहे.

गॅसवाला_नाही_मी
गॅस कमी असणार. परत भरून बघा. माझ्या गाडीत दरवर्षी भरावा लागतो.

अर्धा_पाना
दरवर्षी भरावा लागतो म्हणजे दरवर्षी गळतोय हो. पेट्रोलसारखा तो जळत नाही, बंद पाइपातून त्याच त्याच गोल चकरा मारत असतो. होजमधून आणि शाफ्टच्या सीलमधून अगदी थोडा वर्षानुवर्षं झिरपतो ते सोडा, पण एका वर्षात कूलिंग गेलं तर कुठंतरी लीकेज आहेच. डाय टाकून यूव्ही लाइटनं शोधा किंवा जॉइंटवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघा. आणि कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढं बसलेली एसीची जाळी) पुढून नीट बघा, जिथं तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसेल तिथं संशय घ्या, गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल पण बाहेर येतं ना.

आता धागाकर्ते, तुमचं दुखणं वेगळं वाटतंय. चालताना गार आणि थांबल्यावर गरम म्हटलं की माझी पहिली नजर कंडेन्सरच्या फॅनवर जाते. गाडीतली उष्णता गॅस उचलून पुढं कंडेन्सरमधे आणतो आणि तिथं ती बाहेरच्या हवेत सोडतो. गाडी पळत असते तेव्हा वारा आपोआप लागतो, थांबली की सगळी मदार फॅनवर. फॅन फिरला नाही तर कंडेन्सर तापतो, हाय साइडचं (कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडं जाणाऱ्या बाजूचं) प्रेशर चढतं, आणि ४०० पीएसआयच्या आसपास गेलं की प्रेशर स्विच जीव वाचवायला कॉम्प्रेसर बंद करतो. थोडं उतरलं की परत चालू. तीच तुमची टक-टक असावी.

हे करून बघा: इंजिन थंड असताना गाडी उघड्यावर चालू करा, एसी फुल, बोनेट उघडा आणि नुसतं उभं राहून बघा फॅन किती वेळात फिरतो. बहुतेक गाड्यांत एसी लावला की लगेच किंवा मिनिटाभरात फिरायला पाहिजे. हात आत घालू नका, फॅन कधीही सुटतो, आणि ओढणी मफलर बाजूला ठेवा.

चाकावरचा_संसार
धन्यवाद अर्धा पाना. पण शंका अशी की रेडिएटरचा आणि एसीचा फॅन माझ्या गाडीत एकच आहे, तो खराब असता तर इंजिन तापलं असतं ना? काटा कधीच वर गेलेला नाही.

नळी_ते_नळी
इथंच तर लोक फसतात, मी पण फसलो होतो. एकच फॅन असलेल्या बऱ्याच गाड्यांत त्याला दोन स्पीड असतात. हाय स्पीडला थेट करंट जातो आणि लो स्पीडला मधे एक रेझिस्टर (करंट कमी करणारा पार्ट) असतो, एसी लावल्यावर लो स्पीड लागतो. तो रेझिस्टर गरम होऊन होऊन जळतो किंवा त्याचा कनेक्टर वितळतो, मग लो स्पीड गायब पण हाय स्पीड ठणठणीत. इंजिन शंभर डिग्रीच्या आसपास गेलं की हाय स्पीडवर फॅन घोंघावतो, इंजिन गार करतो आणि गप्प बसतो, म्हणून तुमचा काटा मधेच. तोपर्यंत बिचारा एसी उकडत असतो.

अजून एक देशी टेस्ट. गाडी उभी, एसी फुल, कोमट हवा यायला लागली की पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारा (वायरिंग आणि फॅनची मोटर सोडून, धार नको). अर्ध्या मिनिटात आत गार लागलं तर कंडेन्सरला हवा पुरत नाहीये हे नक्की, मग फॅन असो नाहीतर कंडेन्सरच्या जाळीत बसलेला चिखल-किडे असोत. कॉम्प्रेसर खरंच वीक असेल तर पाण्यानं एवढा फरक पडत नाही. फुकटची टेस्ट आहे, कॉम्प्रेसर बदलायच्या आधी तरी करा.

गॅसवाला_नाही_मी
लीक बंद करायचं लिक्विड मिळतं ते टाकलं तर?

अर्धा_पाना
नको रे बाबा. एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं (कूलिंग कॉइलमधे गॅस सोडतो त्याचं) भोक किती बारीक असतं माहितीये का, ते लिक्विड तिथंच जाऊन बसू शकतं, आणि नंतर कोणी मशिन लावून गॅस काढायला गेला तर त्याचं मशिन पण खराब. आतल्या तेलाशी पण खेळ नको, कॉम्प्रेसरला जे तेल सांगितलंय तेच.

चाकावरचा_संसार
मंडळी, करून बघितलं. एसी लावून पाच मिनिटं उभा, फॅन ढिम्म. बायको म्हणाली बोनेटकडं असं काय बघत बसलाय, मी म्हटलं फॅनची वाट बघतोय. सहाव्या मिनिटाला एकदम भर्रर्र करून सुटला आणि मिनिटभरानं बंद. मग परत कोमट झाल्यावर फवारा मारला आणि अक्षरशः वीस-पंचवीस सेकंदात आत गार!! फ्यूज आणि रिले बघितले, ठीक आहेत. रेझिस्टर फॅनच्या फ्रेमवरच लावलेला दिसला, एक टोक काळं पडलंय. मग आता फक्त रेझिस्टर बदलू का? आणि गॅस भरल्यावर जास्त का बिघडलं ते अजून कळलं नाही.

नळी_ते_नळी
सापडला चोर. रेझिस्टर बदला, कनेक्टर वितळला असेल तर तो पण, नाहीतर नवा पण तसाच जळेल. आणि फॅनची मोटर जड फिरतेय का ते गाडी बंद करून, बॅटरीची वायर काढून हातानं बघा, जड मोटर जास्त करंट ओढते.

गॅसचं विचारलंत तर एक सांगा, भरताना वजन केलं होतं का? का नुसतं गेजकडं बघत भरला?

चाकावरचा_संसार
गेजकडं बघत. "अजून थोडा घालू, गार होत नाहीये" असं म्हणत म्हणत भरला.

नळी_ते_नळी
झालं मग. फॅन बंद असल्यामुळं गार होत नव्हतं आणि त्यानं उपाय म्हणून गॅस घातला. जादा गॅस लिक्विड होऊन कंडेन्सरमधेच साठतो, उष्णता सोडायला जागा कमी पडते, प्रेशर अजून वर, म्हणून टक-टक वाढली.

गाडी बंद असताना गेज बघून तर गॅस किती आहे ते कधीच कळत नाही. गॅस आर-१३४ए असेल आणि बाहेर ३० डिग्री असेल तर आत दोनशे ग्रॅम असो का सहाशे, थोडं जरी लिक्विड शिल्लक असलं तरी दोन्ही काटे ९५-१०० पीएसआयच्या आसपासच दाखवणार, कारण ते प्रेशर टेंपरेचरवर ठरतं. त्यामुळं सगळा गॅस मशिननं बाहेर काढायचा (हवेत सोडायचा नाही), अर्धा तास तरी व्हॅक्यूम धरायचा म्हणजे हवा आणि ओल निघून जाते, आणि मग बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम मोजून भरायचे. गॅस कुठला ते पण स्टिकरवरच बघा, अलीकडच्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, एकात दुसरा मिसळायचा नाही.

चाकावरचा_संसार
अपडेट देतो, उशीर झाला. रेझिस्टर कनेक्टरसकट बदलला, आता एसी लावला की फॅन लगेच हळू फिरायला लागतो. दुसरीकडं मशिनवर गॅस काढला, स्टिकरवर ४५० ग्रॅम आणि निघाले ६१० ग्रॅम!!! मोजून भरला. थर्मामीटर झरोक्यात खुपसून बसलो होतो, भर दुपारी उभ्या गाडीत ९ डिग्री, पळताना ६. टक-टक बंद. कॉम्प्रेसर जुनाच आहे.

खिडकी_उघडा
धागा हायजॅक करतोय सॉरी, माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूनं गार आणि डाव्या बाजूनं कोमट येतं, हे पण फॅनचंच का?

अर्धा_पाना
नाही, फॅन असता तर दोन्हीकडं सारखंच कोमट आलं असतं. एक तर गॅस कमी, त्यामुळं कूलिंग कॉइलचा अर्धाच भाग गार होतोय, किंवा डॅशबोर्डच्या आतली गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकलीये. डावी-उजवीचं टेंपरेचर वेगवेगळं सेट करता येतं का तुमच्या गाडीत? येत असेल तर डावीकडचं पूर्ण गरमला न्या, मग पूर्ण गारला आणा, डॅशबोर्डमागं मोटरचा कर्रर्र आवाज येतो का ऐका आणि नवीन धागा काढा, तिथं बोलू.