स्पॅनिश शब्दांवरची तिरकी रेघ: कधी द्यायची, कधी नाही?

प्रश्न:

स्पॅनिशची पहिली पातळी संपत आली आहे. शब्द तोंडात बसले, पण लिहायला घेतलं की स्वरावरची ती तिरकी रेघ छळते. 'कान्स्योन' म्हणजे गाणं. त्यात शेवटच्या 'ओ'वर रेघ आहे, पण अनेकवचन 'कान्स्योनेस' केलं की ती जाते. 'होवेन' म्हणजे तरुण, याचं उलटंच. एकवचनात रेघ नाही, 'होवेनेस' म्हटलं की 'ओ'वर येते. वर्गात सांगतात, पाठ करा. पाठांतराशिवाय खरंच इलाज नाही का?

उत्तर:

पाठ करू नका. तुम्ही दिलेल्या दोन जोड्यांतच सगळा नियम आहे, फक्त शब्द मागून मोजायचा.

स्पॅनिशमध्ये प्रत्येक शब्दाच्या एका उच्चारखंडावर जोर येतो. न ऐकलेला शब्दही वाचणाऱ्याला बरोबर वाचता यावा, म्हणून जोराची नेहमीची जागा ठरलेली आहे. शब्द स्वराने, 'एन'ने किंवा 'एस'ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या खंडावर. इतर व्यंजनाने संपला तर शेवटच्या खंडावर. 'कासा' (घर), 'लुनेस' (सोमवार), 'पापेल' (कागद), 'माद्रिद' यांना रेघ नाही, कारण जोर नेहमीच्या जागी आहे. जोर ती जागा सोडतो तिथेच रेघ लागते. 'आर्बोल' (झाड) 'एल'ने संपतो, म्हणजे जोर शेवटी हवा होता, पण तो 'आर्'वर आहे. म्हणून पहिल्या 'आ'वर रेघ.

आता तुमचं गाणं घ्या. कान्-स्योन: दोन खंड, शेवटी 'एन', जोर 'स्योन'वर. नेहमीची जागा मोडली, रेघ द्या. कान्-स्यो-नेस: जोर अजूनही 'स्यो'वरच आहे, पण मागे एक खंड वाढल्यामुळे तीच जागा आता शेवटून दुसरी झाली. रेघेचं काम संपलं. 'होवेन'चंही तसंच. हो-वेन मध्ये 'हो' शेवटून दुसरा, हो-वे-नेस मध्ये तिसरा. जोर तिसऱ्या खंडावर गेला की रेघ द्यावीच लागते, मग शब्द कशानेही संपो.

पुन्हा प्रश्न:

हे पटलं. पण व्यंजनांमधून 'एन' आणि 'एस' हे दोघंच वेगळे का काढले?

उत्तर:

नामांची अनेकवचनं 'एस'ने संपतात आणि क्रियापदांची तृतीयपुरुषी अनेकवचनं 'एन'ने. कासा–कासास, आब्ला (बोलतो)–आब्लान (बोलतात). अनेकवचन केल्यावर इथे जोर हलत नाही. या दोघांना वेगळं काढलं नसतं, तर 'कासास', 'आब्लान' अशा साध्यासाध्या शब्दांवर रेघा द्याव्या लागल्या असत्या. मला या नियमात सगळ्यात आवडतो तो हा भाग.

आणि क्रियापदांत रेघ विसरलात तर अर्थच बदलतो. 'तेर्मिनो' हा एकच शब्द पाहा. जोर पहिल्या खंडावर आणि तिथे रेघ: शेवट, मुदत. जोर मधल्या खंडावर, रेघ नाही: मी संपवतो. शेवटच्या 'ओ'वर जोर आणि रेघ: त्याने संपवलं.

आणखी एक प्रतिसाद:

ताई, यात एक भर घालतो. मराठी माणसाला इथे देवनागरीची मोठी मदत होते. 'फार्मास्या' (औषधाचं दुकान) आणि 'पोलिसीआ' (पोलीस) या दोन्ही शब्दांच्या शेवटी रोमन लिपीत तीच दोन अक्षरं असतात. पण ऐकून देवनागरीत लिहा: पहिल्यात 'य' जोडाक्षरात मिसळतो, दुसऱ्यात 'ई' स्वतंत्र आणि ठसठशीत उरते. 'ई' किंवा 'ऊ' असा जोरासकट शेजारच्या 'आ', 'ए', 'ओ'पासून सुटा उभा राहिला की त्यावर रेघ येते. मारीआ, दीआ (दिवस), पाईस (देश), राऊल. आधीचा मोजणीचा नियम काहीही सांगो, इथे हाच चालतो.

पुन्हा प्रश्न:

धन्यवाद दादा! आता एकाच खंडाचे शब्द राहिले. 'तू', 'एल', 'सी' कधी रेघेसह दिसतात, कधी रेघेविना.

उत्तर:

एकखंडी शब्दाला एरवी रेघ नसते. जुन्या छपाईत 'फुए', 'द्यो', 'व्यो' या क्रियारूपांवर रेघ दिसेल. १९५९ पासून ती काढली. अपवाद आहे तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या काही जोड्यांचा, आणि त्यात वाक्यात जोराने बोलला जाणारा शब्द रेघ घेतो. 'एल' म्हणजे 'तो' असेल तर रेघ, नुसतं उपपद असेल तर नाही. 'सी' होकारार्थी असेल तर रेघ, 'जर' या अर्थी नाही. 'मी' (मला, 'माझ्यासाठी' मधला) रेघेसह, 'मी' (माझा) रेघेविना. पण 'ती' (तुला) हा शब्द त्याच्या शेजारी बसतो म्हणून लोक त्यावरही रेघ ओढतात, ती चूक. 'ती'ला जोराविना उच्चारला जाणारा जुळा भाऊच नाही, मग वेगळेपणा दाखवायचा कुणापासून?

प्रश्नार्थक 'के' (काय), 'कोमो' (कसं), 'दोंदे' (कुठे) यांना रेघ हवीच, 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही' अशा वाक्यातही.

'सोलो' (फक्त / एकटा) वर मात्र स्पेनमध्ये मोठा वाद झाला. 'त्राबाहो सोलो लोस दोमिंगोस' म्हणजे 'मी फक्त रविवारी काम करतो' की 'रविवारी एकटाच काम करतो'? पूर्वी 'फक्त' या अर्थी रेघ देत. २०१० च्या शुद्धलेखनाच्या ग्रंथात स्पॅनिश भाषेचे नियम ठरवणाऱ्या अकादमीने ती सोडून द्यायला सांगितलं आणि अनेक लेखक नाराज झाले. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी 'नांव', 'कांही'वरचे अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा त्याची सवय असलेल्यांना काय वाटलं असेल ते आठवा. मार्च २०२३ मध्ये अकादमीने खुलासा केला: वाक्यात दोन अर्थ निघतात असं लिहिणाऱ्याला वाटलं तर रेघ द्यायला हरकत नाही. न देणं मात्र कधीच चूक ठरत नाही, त्यामुळे परीक्षेत 'सोलो' बिनरेघेचाच लिहा.