चिनी देवळात गेला आहात का? अनुभव सांगा

मार्चमध्ये आम्ही पाच मैत्रिणी मलेशियात पेनांगला गेलो होतो. टेकडीवरचं केक लोक सी देऊळ बघायला 'तासाभरात उरकू' म्हणून निघालो आणि अर्धा दिवस तिथेच गेला. लाल खांब, पिवळे कंदील, हिरवी कौलं, छपरावर ड्रॅगन. ड्रॅगनच्या अंगावरचे खवले मला रंगवलेले वाटले होते. जवळ जाऊन पाहिलं तर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे कापून एकेक करून चिकटवलेले! सात मजली पॅगोडा १९३० चा. खाली चिनी, मध्ये थाई, वर ब्रह्मदेशी घडण.

एका झाडाला नवसाच्या रंगीत रिबिनी बांधायच्या असतात. प्रत्येक रंगाचा नवस वेगळा, रिबिनीवर छापलेला. आमच्यातल्या एकीने ड्रेसला मॅचिंग म्हणून रिबीन उचलली, नाव लिहिलं आणि घट्ट गाठ मारली. मग वाचलं, तर 'जोडीदार लवकर मिळो'. लग्नाला बारा वर्षं झालीत तिच्या. गाठ काही सुटेना.

तुमच्याकडे असं काही?

*

क्वालालंपूरचं थिअन हौ. चीनच्या हैनान बेटावरून आलेल्या लोकांनी बांधलेलं, १९८९ ला खुलं झालं. तिथे लग्नाची नोंदणीही होते, त्यामुळे आमच्या प्रत्येक फोटोत कोणीतरी नवरी आहे. काड्यांची जुडी उचलून सोडायची, जी सगळ्यांत उंच राहील तिच्या नंबरचा खण उघडायचा, आत भविष्याची चिठ्ठी. मित्राला निघालं, 'प्रवास टाळावा'. संध्याकाळचं विमान होतं. गडी हसला, पण टॅक्सीत गप्पच होता.

*

धागाकर्तीने केक लोक सीमधल्या करुणेच्या देवीबद्दल, क्वान यिनबद्दल लिहिलंच नाही! तीस मीटरहून उंच काशाची मूर्ती आहे, चुकवलीत की काय? ती म्हणजे मुळात आपल्याकडचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या ४१ नंबरच्या लेण्यात अकरा डोक्यांचा उभा आहे, बघून या. चीनमध्ये रुळता रुळता देवाची देवी झाली.

*

मी सिंधुदुर्गातला. सिंगापूरला तेलोक आयर स्ट्रीटवरच्या थिअन हॉक केंगमध्ये ऑफिसातल्या मित्रांबरोबर गेलो होतो. हे १८३९ ते ४२ मध्ये बांधलेलं, समुद्रदेवी माझूचं. तेव्हा समुद्र दारात होता. बोटीतून उतरलेली माणसं आधी इथे येऊन सुखरूप पोचवल्याबद्दल हात जोडायची. आता भराव घालून समुद्र लांब गेलाय आणि समोर काचेच्या इमारती.

आत एक आजी गुडघ्यांवर बसल्या होत्या. हातात चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. पुटपुटल्या आणि जमिनीवर टाकले. एक सपाट, एक फुगीर पडला की देवीचा होकार. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या की नाही. दोन्ही सपाट वर आल्या की देवी हसतेय, नीट विचार. मी मित्रांना म्हटलं, अरे, हा तर कौल! आमच्याकडे गुरव देवाला कळे लावून विचारतो तोच. त्यांना काही कळलं नाही. आजींना तिसऱ्या खेपेला होकार मिळाला. काय विचारलं होतं कोण जाणे, पण माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं.

*

उंबरा! सगळीकडे गुडघ्याला येईल एवढा उंच. माझा पाय नेमका त्यावर पडला आणि एक काका ओरडले. भाषा कळली नाही, पण आमची आजी याच सुरात ओरडायची.

*

एवढ्या लांब कशाला? मुंबईत डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरा. माझगावात सी यप कून आहे, १९१९ चं. बंदरावर येणाऱ्या कॅन्टोनी खलाशांसाठी बांधलेलं. बाहेरून साधी दुमजली इमारत, आत लालच लाल. खाली क्वान यिन, वर योद्धा देव क्वान कुंग. मी भायखळ्यात वाढलो आणि ते पहिल्यांदा बघितलं चाळिसाव्या वर्षी, तेही नागपूरच्या मित्रांनी ओढत नेलं म्हणून.

*

धागाकर्ती: क्वान यिन पाहिली हो, पण तोवर कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. माझगावला येत्या रविवारी जातोय. रिबीनवाली नवऱ्यालाही आणणार आहे.