अय्यंगार पद्धतीत घाम येत नाही?

काही जण म्हणतात की योगासनांची अय्यंगार पद्धत म्हणजे नुसते आधाराचे पट्टे, विटा आणि दोरखंड, व्यायाम असा नाहीच. एकदा त्रिकोणासनात हाताखाली लाकडी वीट घेऊन मिनिटभर थांबून बघा. मागच्या पायाची टाच दाबा, गुडघ्याची वाटी वर ओढा, खांदा मागे... तिसाव्या सेकंदाला मांडी थरथरायला लागते. माझी तरी लागते, आणि मी चार वर्षं करतोय. विटेमुळे आसन सोपं होत नाही, कंबर वाकडी न करता त्यात टिकता येतं. आखडलेल्या शरीराला हाच मोठा फायदा.

गंमत म्हणजे श्वासाच्या लयीवर सलग आसनं करवणारं अष्टांग विन्यास ज्यांनी पसरवलं ते पट्टाभी जोइस आणि ही पद्धत घडवणारे आपल्या पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार, दोघांचे गुरू एकच: कृष्णमाचार्य. (हे ‘अष्टांग’ म्हणजे पतंजलींची यम-नियमवाली आठ अंगं नव्हेत, नुसतं नाव घेतलंय.) दमसास वाढवायचा असेल आणि गुडघे धड असतील तर अष्टांग विन्यास जरूर करा.

प्राणायामाकडे ओढा असेल तर लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था बघा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलेली. योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायचं काम तिथे तेव्हापासून चालू आहे.