मदत हवी आहे: मामेबहीण परत त्याच्याकडेच जाते

माझी मामेबहीण (वय २७) दोन वर्षं पुण्यात मित्रासोबत लिव्ह-इनमध्ये राहते. फोन उचलायला उशीर झाला की त्याचा संशय सुरू. गेल्या महिन्यात हात पिरगळला, मोबाईल फोडला. नंतर रडतो, पाया पडतो, 'तू सोडून जाशील अशी भीती वाटते' म्हणतो. ती दोनदा माझ्याकडे आली आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात परत गेली.

तिने अटॅचमेंटबद्दल (लहानपणी जवळच्या माणसाशी जडलेल्या नात्याचा पुढच्या नात्यांवर परिणाम होतो, हा विचार) वाचलंय. बोल्बी आणि एन्सवर्थ या संशोधकांनी लहान मुलांबाबत मांडलेलं, हेझन-शेव्हर यांनी १९८७ मध्ये प्रौढांच्या प्रेमाला लावलेलं. आता म्हणते, 'त्याची आई लहानपणी गेली, म्हणून तो असा.' असेलही. पण घाबरणारे सगळेच हात उगारत नाहीत ना? (एकटं पडायला तीही तितकीच घाबरते, असं मला वाटतं.)

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नासारख्या नात्यालाही लागू होतो, १८१ हेल्पलाइन आहे, हे सांगून झालं. तक्रार नकोच म्हणते.

'सोड त्याला' न म्हणता तिच्याशी बोलत कसं राहू? पुण्यात अशा नात्यांचा अनुभव असलेली, मराठीत बोलणारी समुपदेशक कोणी सुचवेल का? दोघांना एकत्र बसवणारी नको, त्याच्यासमोर ती खरं बोलणारच नाही. मामाला अजून काही सांगितलेलं नाही.