पाकिटावरचा ‘हेक’ म्हणजे नेमका कोणता मासा?

शुभदामावशी: नीलेश, काल तू पाठवलेल्या फोटोतल्या पांढऱ्याशुभ्र तुकड्या मला आधी रावसाच्याच वाटल्या. मग पाकिटावर ‘हेक’ लिहिलेले दिसले. हा आपल्याकडे कोणत्या नावाने मिळतो आणि याचे कालवण होते का, ते नीट लिही.

नीलेश (केप टाउन): मावशी, हा मासा कोकणच्या किनाऱ्यावर लागत नाही, त्यामुळे त्याला कोळणींनी दिलेले नाव माझ्या तरी कानावर आलेले नाही. तो कॉड या थंड समुद्रातल्या माशाचा नातलग आहे. मात्र कॉडच्या हनुवटीखाली लोंबणारा मिशीसारखा तंतू याला नसतो. इथल्या समुद्रात त्याच्या दोन जाती आहेत. मर्लुशियस कॅपेन्सिस किनाऱ्याकडच्या उथळ पाण्यात राहतो आणि मर्लुशियस पॅराडॉक्सस खोल पाण्यात. साधारण २०० ते ४०० मीटर खोलीच्या पट्ट्यात दोघे एकत्र सापडतात आणि तिथे मोठा कॅपेन्सिस लहान पॅराडॉक्ससला खुशाल गिळतो. बाजारात मात्र दोघांना एकच नाव आहे, आणि डोके-कल्ले काढून तुकड्या केल्या की कोणता कोणता हे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही.

अरविंदमामा: बोटीवर असताना मी दक्षिण आफ्रिकेशेजारच्या नामिबियातले वॉल्व्हिस बे बंदर पाहिले आहे, म्हणून थोडी भर घालतो. स्पेनमध्ये या माशाला ‘मर्लुसा’ म्हणतात आणि त्याच्यावर त्या लोकांचा इतका जीव आहे की त्यांचे ट्रॉलर थेट नामिबियाच्या समुद्रापर्यंत येत असत. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला, त्याने २०० सागरी मैलांच्या क्षेत्रावर हक्क सांगितला आणि परवान्याविना मासेमारी करणारे काही स्पॅनिश ट्रॉलर पकडून जप्त केले. नव्या देशाने हे धाडस केले नसते, तर तिथला हेक आधीच पुरता उपसला गेला असता, असे माझे मत आहे.

शुभदामावशी: भाऊ, माहिती छानच आहे, पण माझे कालवण राहिले.

नीलेश (केप टाउन): होते, मावशी, पण मांस फार मऊ असल्यामुळे हात जपून चालवावा लागतो. ताजे बोंबील आपण वजनाखाली दाबून त्यांचे पाणी काढतो, तसेच मी याच्या तुकड्यांना मीठ लावून वीस मिनिटे ठेवतो आणि कापडात दाबून कोरड्या करतो. खोबऱ्याचे वाटण आणि कोकम घालून रस्सा आधी पुरता उकळू द्यायचा, तुकड्या अगदी शेवटी सोडायच्या आणि डाव न घालता पातेलेच कडेला धरून गोल हलवायचे. स्पेनमधल्या बास्क प्रांतातही हेकच्या गळ्याकडचा ‘कोकोचास’ नावाचा भाग शिजवताना भांडे असेच फिरवतात, म्हणजे त्यातला चिकट अंश तेलात मिसळून रस्सा दाट होतो. तिरफळ मात्र बांगड्यासाठीच ठेव. एवढ्या सौम्य माशाला त्याचा वास झेपत नाही.

शुभदामावशी: तिरफळ नाही, मग त्याला कालवण कशाला म्हणायचे? पुढच्या वेळी तुकड्या रव्यात घोळवून तळ आणि त्याचा फोटो पाठव.