आरव्ही (चाकांवरचं घर) घेऊन मुक्काम ठोकावा अशी कॅम्पग्राउंड्स – तुमचे अनुभव लिहा

शेजारच्यांनी आज त्यांचा ट्रेलर उघडला. हिवाळाभर पाइपांत भरून ठेवलेलं गुलाबी अँटिफ्रीझ नळातून भळाभळा बाहेर येत होतं. ते बघत उभी राहिले आणि एकदम फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्क आठवलं.

मुलं लहान होती. भाड्याचं क्लास सी (मध्यम आकाराचं आरव्ही) घेऊन आम्ही ऑरेगनच्या अगदी वरच्या टोकाला, कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथे गेलो होतो. बरोबर सासूबाई. एक-दोन रात्री राहून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरायचं ठरलं होतं, पण तिथून पाय निघेना. साइटच्या (गाडी लावायच्या जागेच्या) दारातूनच सायकलच्या डांबरी वाटा सुरू होतात. मुलं न्याहारी करून जी सटकायची ती कॉफेनबरी तळ्याकडून भूक लागली की उगवायची. किनाऱ्यावर पीटर आयरडेल जहाजाचा सांगाडा आहे, 1906 साली वाळूत रुतलेल्या जहाजाचा. ओहोटीला थेट त्याच्या फासळ्यांपर्यंत चालत जाता येतं. हात लावला की गंजाचे नारिंगी पापुद्रे बोटांना चिकटतात. सासूबाई रोज संध्याकाळी तिथे फेरी मारायच्या, आणि परत येईपर्यंत वाटेतल्या निम्म्या साइटवाल्यांशी ओळख करून यायच्या, इंग्रजी बेताचं असूनही.

पूर्वी हा लष्करी किल्ला होता. जून 1942 मध्ये जपानी पाणबुडीने यावर तोफगोळे डागले होते. माझ्या मुलाला हे कळल्यावर तो तोफखान्याच्या काँक्रीटच्या बोळांतून हलायलाच तयार नाही.

रात्र काढायला कुठलीही जागा चालते हो, वॉलमार्टचा पार्किंग लॉटही. मुक्कामाला मात्र सावली लागते, चालत जाण्यासारखं काहीतरी लागतं, कपडे धुवायची सोय लागते. आणि मुख्य म्हणजे रोज सकाळी पाण्याचा होज गुंडाळा, विजेची केबल काढा, कपाटांना खिट्ट्या लावा हे नको.

तुम्ही कुठे असे रमलात? नाव, का आवडलं, परत जाल का, सगळं लिहा.

डॅलसकर
मस्त धागा! लगेच लिहितो, मीटिंग सुरू व्हायचीय.
आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची (अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांच्या खात्याची) कॅम्पग्राउंड्स. आपल्या लोकांना ही माहीतच नसतात, सगळे नॅशनल पार्कच्या मागे. धरणं त्यांची, म्हणून तलावाच्या काठच्या मोक्याच्या जागाही त्यांच्याच. लुइसव्हिल लेकवर हिकरी क्रीक घरापासून इतकं जवळ आहे की मी तिथून ऑफिसला जातो. वीज-पाणी साइटवर, दोन साइट्समध्ये भरपूर अंतर, पाण्याकडे तोंड करून खुर्ची.
आणि ऐका, 62 वर्षांच्या वर असाल आणि अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर सिनियर पास काढा. संघराज्य सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंड्सवर साइटचं भाडं निम्मं होतं. माझ्या बाबांच्या नावावर पास आहे, तेच आमच्या ट्रिपचे यजमान :)

मृण्मयी_एटीएल
अगदी अगदी!! अटलांटावाल्यांनो, अलाटूना लेकचं मॅकिनी. तेही कोअरचंच. पानगळीत जा.

सोनचाफा
@डॅलसकर, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत, त्यांना मिळेल का पास?

डॅलसकर
नाही मिळणार. वार्षिक पास तुम्ही तुमच्या नावावर घ्या, पण त्याने फक्त प्रवेश फी वाचते, कॅम्पिंगवर सूट नाही. निम्म्याची सवलत सिनियर आणि दिव्यांगांच्या ॲक्सेस पासवरच.

केतकी_ऑरलँडो
डिस्नेचं फोर्ट विल्डरनेस. हसू नका कुणी, महाग आहे हे मान्य. पण लहान मुलं असतील तर याच्यासारखं सुख नाही. 1971 पासून आहे, त्यामुळे झाडं मोठी झालीत, उंच पाइन आणि त्यांची सावली. धक्क्यावरून बोटीत बसायचं आणि मॅजिक किंग्डमला उतरायचं, गाडीला हातही लावायचा नाही. दुपारी मुलं किरकिरली की परत येऊन आपल्या पंख्याखाली आपला वरणभात. संध्याकाळी शेकोटी आणि गाणी. हॅलोवीनला लोक गोल्फ कार्ट इतक्या मन लावून सजवतात की आम्ही पार्कात न जाता कॅम्पच्या लूपमधूनच (आतल्या गोल रस्त्यांवरूनच) फिरत राहतो.

चिंचगूळ
वरणभात!! कुकर लावता का हो कॅम्पग्राउंडवर? शिट्टीने शेजारी दचकत नाहीत?

केतकी_ऑरलँडो
पहिल्या दिवशी आले विचारत. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन आले.

ओहायोचा_बंड्या
कुकरवरून आठवलं, इंडक्शनवाल्यांनी हे वाचाच. 30 अँपची साइट म्हणजे 120 व्होल्टला एकूण 3600 वॅट. इंडक्शन 1800, एसी साधारण 1500, त्यात कुणी गीझर विजेवर टाकला की खटका पडलाच. भर उन्हाळ्यात जास्त दिवस राहायचं असेल तर 50 अँपची साइट मागून घ्या, नाहीतर स्वयंपाक प्रोपेनवर करा. आणि प्लग खुपसण्याआधी सर्ज प्रोटेक्टर. जुन्या पार्कांतल्या खांबांचा भरवसा नाही.

निवृत्त_नाशिककर
मंडळी, जरा सविस्तर लिहितो. सौ. पोळ्या लाटते आहे तोवर वेळ आहे.

आमचा हिवाळा क्वार्ट्झसाइटला जातो, ॲरिझोनात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा म्हणून सरकारी जमीन आहे. तिथे लाँग टर्म व्हिजिटर एरिया (महिनोन्महिने राहायची जागा) आहे, 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल. संपूर्ण मोसमाचा परवाना अनेक वर्षं 180 डॉलर होता. हो, सात महिन्यांचे 180. सध्याचा दर निघण्याआधी बघून घ्या. परवान्याचं स्टिकर काचेला लावायचं आणि वाळवंटात आवडेल तिथे गाडी उभी करायची. साइटला नंबर नाही, खांब नाही, वीज नाही, नळ नाही. पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला ला पोसा साउथला जायचं. वीज छतावरच्या सोलरची. डिसेंबरात दिवस लहान, तेव्हा मिक्सर दुपारी बारा ते दोनमध्येच लावायचा हा आमच्या घरचा नियम.

पहिल्या वर्षी सौ. म्हणाली, इथे झाड नाही, पाणी नाही, मी काय करू? आता सप्टेंबर लागला की तीच पिशव्या भरायला घेते. कारण माणसं. बर्फातून पळून आलेले कॅनडाचे शेतकरी, निवृत्त ट्रकचालक, दगड गोळा करणारे. जानेवारीत तर रत्नं-खडे विकणाऱ्यांची आणि आरव्हीवाल्यांची जत्राच भरते. संक्रांतीला आम्ही शेजारी तिळगूळ वाटतो. मॅनिटोबाच्या एक आजी आता आम्हाला बघितलं की "गोड गोड बोला" एवढं मराठी स्वच्छ बोलतात. धुळवड-रंगपंचमीही मोसमातच येते.

गावात हाय जॉलीची कबर आहे, ती जरूर बघा. हाजी अली नावाचा उंटवाला, 1850 च्या दशकात अमेरिकी सैन्याने उंट आणले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेला. कबरीवर दगडी पिरॅमिड आणि टोकाला धातूचा उंट. आम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतो.

जास्त दिवस राहणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. हूकअप (साइटवरची वीज-पाणी-सांडपाण्याची जोडणी) असला तरी ब्लॅक टँकचा (संडासाच्या टाकीचा) व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं आणि घट्ट ऐवज खाली साचून दगड होतो. टाकी बरीच भरू द्या, मग उघडा, आणि पाठोपाठ ग्रे टँक (अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची टाकी) सोडा म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो.

चिंचगूळ
काका, जेवताना वाचत होते :(

निवृत्त_नाशिककर
क्षमस्व! पण लक्षात राहील बघ.

फ्रीमाँटची_शमा
काका तुमच्याकडे यायचंय. खरंच.
आम्ही योसेमिटी नॅशनल पार्कवाले. व्हॅलीतलं अप्पर पाइन्स. हूकअप नाहीत, पण सकाळी दार उघडल्यावर समोर ग्रॅनाइटच्या भिंती. मुक्काम म्हणाल तर 1 मे ते 15 सप्टेंबर व्हॅलीत सातच रात्री राहू देतात. बुकिंग मिळवणं हाच मोठा भाग आहे. नवरा, दीर, जाऊ, सगळे आपापल्या लॅपटॉपवर सकाळी सातच्या ठोक्याला. एक टीप: खाण्याचं सगळं अस्वलांच्या लोखंडी पेटीत, टूथपेस्टसकट. हार्ड-साइडेड (पक्क्या भिंतींच्या) आरव्हीत आत ठेवलं तर चालतं, पण खिडक्या बंद हव्यात.

बंडू_बोइसी
अस्वलांवरून, यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिज. अख्ख्या पार्कात पूर्ण हूकअप फक्त इथेच. अस्वलांमुळे तंबू चालत नाही, तंबूच्या कापडाच्या भिंती असलेला पॉप-अप ट्रेलरही नाही. साइट्स चिकटून आहेत, नजारा म्हणावा तसा नाही. पण त्या पार्कात अंतरं इतकी आहेत की रोज आत-बाहेर करण्यापेक्षा हे दसपट बरं. पहाटे हेडन व्हॅलीत बायसनचा कळप रस्त्यावर उभा राहिला की आपणही उभं राहायचं, हॉर्न नाही.

वैदेही_एमडी
आमच्याकडे बायसन नाही, घोडे आहेत :) ॲसॅटीग बेट, मेरीलँड. रानघोडे. ते कॅम्पमध्ये बिनधास्त येतात आणि कूलर उघडतात! शेजारच्यांची ब्रेडची अख्खी लादी गेली. लांबून बघा, खायला घालू नका, चावतात. डास मात्र फार. मेच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरात जा.

सोनचाफा
मेथी पराठे नेले तर घोडे येतील का, मुलगी विचारतेय

वैदेही_एमडी
हो गं, मेथी सोडणार नाहीत. डबा गाडीत आणि गाडीला कुलूप.

पुणेरी_तंबू
आम्ही इकडे पवनेच्या काठी तंबूत झोपून हे वाचतोय. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून डोळे लावून बसलोय. गाड्या भाड्याने दिसतात हल्ली, पण रात्री लावायची कुठे, टाकी रिकामी कुठे करायची? तुमच्यासारखी डम्प स्टेशनं कोकणात चार जरी झाली तरी मी गाडी घेतो. वेळासला कासवांच्या दिवसांत आठवडाभर... असो, विषयांतर झालं.

लेस्टरकर
इंग्लंडातून. इथे शेतकऱ्यांच्या छोट्या साइट्स असतात, सीएल म्हणतात, कॅराव्हॅन क्लबच्या सभासदांसाठी, एका वेळी पाचच कॅराव्हॅन. नळ, टाकी रिकामी करायची जागा, बास. सकाळी गेटवर अंडी ठेवलेली, डब्यात पैसे टाकायचे. गर्दी नको असणाऱ्यांना यापुढे काही नको.

स्वाती_फीनिक्स
ग्रँड कॅन्यन, साउथ रिम, ट्रेलर व्हिलेज. आईचे गुडघे गेलेत म्हणून ही जागा निवडली. पूर्ण हूकअप, 50 फुटी गाडीही सरळ आत शिरते, मागे घ्यावी लागत नाही. फुकट शटल बस जवळच थांबते. आई रोज एकेका ठिकाणी उतरून बाकावर बसायची. एका दिवसात येऊन फोटो काढून जाणाऱ्यांना ती दरी कळत नाही असं माझं ठाम मत आहे. सकाळचा रंग वेगळा, पाऊस येऊन गेल्यावरचा वेगळा, आईने सगळे बघितले. एक सकाळ दारात एल्क उभं, शिंगं ऑनिंगला (गाडीबाहेरच्या कापडी छपराला) लागतील इतकं जवळ. ते हलेपर्यंत आम्ही आत चहा पीत बसलो. उंची सात हजार फूट आहे, बीपीवाल्यांनी पहिला दिवस दमाने घ्यावा. एप्रिलातही रात्री पाणी गोठतं, होज काढून ठेवा.

रेवा
सगळं वाचून छान वाटलं आणि जरा भरूनही आलं. आमचा ट्रेलर मागच्या वर्षी विकला. यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, हिच (ट्रेलर गाडीला अडकवायचा सांधा) जोडणं, जॅक फिरवणं आता जमणार नाही. दर उन्हाळ्यात कस्टर स्टेट पार्कला जायचो, साउथ डकोटात. यांना अजून तिथल्या गाढवांची आठवण येते, गाडीच्या खिडकीत तोंड घालायची.

निवृत्त_नाशिककर
रेवाताई, साहेबांना लवकर आराम पडो. आमच्याकडे या. गाडी नको, गावात खोली मिळते, दिवसभर आमच्या ऑनिंगखाली बसा.

फ्रीमाँटची_शमा
रेवा, मिठी 💛

(धागाकर्ती) रेवा, फोर्ट स्टीव्हन्सला यर्ट (तंबूसारखी पक्की घरं) आहेत! ऑरेगनच्या बऱ्याच स्टेट पार्कांत आहेत. गोल, लाकडी जमीन, आत बंक बेड आणि हीटर. काही उचलायचं नाही, जोडायचं नाही, अंथरूण-पांघरूण तेवढं न्यायचं. बुकिंग सहा महिने आधी उघडतं. काही यर्टना रॅम्प आहे, बुक करताना तसं शोधून घ्या. स्वयंपाक बाहेर करावा लागतो एवढंच.

रेवा
रॅम्प आहे? यांना आत्ताच वाचून दाखवलं. सप्टेंबर चालेल का, पाऊस?

(धागाकर्ती) सप्टेंबर उत्तम. शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते. वारा असतोच, जाड जॅकेट हवं. तारीख ठरली की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी पोर्टलंडहून दोन तासांवर आहे. थालीपीठं घेऊन येते.

चिंचगूळ
भाजणी घरी करतेस की विकतची? इथली मला कडवट लागते

(धागाकर्ती) घरी. धने जरा जास्त आणि सगळं वेगवेगळं भाजायचं. प्रमाण दुसऱ्या धाग्यात लिहिते.